मगावरचे फिके चेहरे

लातूर, मंगळवार, दिवेलागण

आजपण तेच. क्लासवाल्या सरांना हुशार पोरांचे फोटो छापलेले चहाचे मग पाहिजेत, सगळे एकसारखे. सकाळी छापलेले झकास निघाले. संध्याकाळी तेच तापवून फोटो उतरवायचं मशीन, तोच फोटोचा कागद, तेवढाच वेळ, अन् चेहरे फिके. वेळ वाढवला तर करपून तपकिरी. माझंच काय चुकतंय?

आज उलगडलं. वरच्या खोल्या आम्हीच पोरांना भाड्यानं दिल्यात. ती क्लासहून आली की कॉइल लावून चहा उकळतात. व्होल्टेज पडतं अन् खाली माझं मशीन थंडावतं; कॉइल काढली की एकदम तापतं. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "पोरं अभ्यास करायलीत, चहा कसा बंद करावा?" सकाळी घरकामातून जेमतेम तासभर मिळतो, दुपारी छापावं तर लाईट नसते. मग छापू कधी?

शेवटी मीच तावातावानं वर गेले. पोरं चहा पीत बसली होती, मी बाद केलेल्या फिक्या मगांतूनच. रेणापूरचा दत्ता हातातला मग दाखवत म्हणाला, "काकू, पुढच्या साली माझा फोटो छापताल ना, तवा असा फिका नका काढू."

कॉइल बंद करा म्हणायला गेलेली मी, "न्हाई काढणार" म्हणून खाली आले.

मशीन अजून तापलेलं न्हाई.