अलिझाचा जरीचा फ्रॉक

झुबेदास, पुण्याहून नवाबचा सलाम.

अलिझा बरी आहे, जेवतेही. फोनवर तू रडतेस आणि मग मलाही बोलवत नाही, म्हणून मोईजभाऊ आज जुन्नरला निघालेत त्यांच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

काल एमआरआय झाला. तू तिला ईदसारखा जरीचा फ्रॉक घालून पाठवलंस, पण त्या मशीनजवळ धातूची तारही चालत नाही. नर्सबाईंनी तो काढायला लावला. पोर म्हणाली, "अब्बा, अम्मीला सांगू नका, तिनं लई मन लावून शिवलाय."

आत तिला सारखा श्वास रोखायला सांगत होते. काचेबाहेर मीही तिच्याबरोबर रोखत होतो आणि दुआ मागत होतो. फार थकलोय.

हृदयातल्या जन्मापासूनच्या छिद्रातून किती रक्त भलतीकडे जातं, ते मशीननं मोजलं. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात दुपटीनं रक्त जातंय. आता ऑपरेशन लांबवायचं नाही." माणूस चांगला आहे, समजावून सांगतो.

धाकटी आरफा शाळेत जाते ना? तू वेळेवर जेवतेस ना?

घाबरू नकोस, घाई काही नाही. फक्त आरफाला तिच्या चाचीकडे ठेव आणि उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं निघ.

तुम्हा सगळ्यांना अल्लाहच्या हवाली करून,
नवाब