नवरदेवाचे चित्र

प्रकाशा, मार्च १९४४

चि. भटूस,

पलटणीची तार इंग्रजीत होती आणि घरात इंग्रजी मलाच येते. तू ब्रह्मदेशात लढताना कामी आलास, असे तीत होते. मी आईला सांगितले, रजा लांबली.

आई म्हणाली, "तू ड्राइंगनी मास्तरीण ना? मन्हा भटूले नवरदेव बनाडी दे."

जुन्या फोटोवरून मापे घेऊन मी तुला फेटा-बाशिंगात रंगवले. फोटोत मिशा नव्हत्या, त्या मनाने काढल्या. रंगवत होते तोवर तू रजेवर येणार होतास. हे मलाही खरे वाटत होते.

काल म्हसावदचे चुडामणकाका त्यांच्या लेकीसाठी, निर्मलेसाठी, तुला बघायला आले. चित्रासमोर हसले. "जवाई भारी दिखस. मिशा खऱ्या शेतस ना, मास्तरीणबाई?"

मी हो म्हणाले. त्यांनी आईच्या हातावर साखर ठेवली. सोमवारी साखरपुडा आहे.

आज तार घेऊन आईकडे गेले. ती चित्राशी बसली होती. मागे न बघताच म्हणाली, "याना बाजूले जागा शे. निर्मलाले बठाड."

मी तार पदराआड धरली आणि ब्रश भिजवला.

तुझी ताई,
वत्सला