साडूचा कंटेनर आणि माझा एक्सपोर्ट

३ फेब्रुवारी, सकाळ
धाकट्या मेहुणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या साडूचा, पायपुसण्यांचा पंचविसावा कंटेनर आज परदेशी रवाना झाला. कंटेनरसमोर उभं राहून काढलेला फोटो त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. फोटोत कंटेनर कमी, पोट जास्त. मला हेवा अजिबात वाटला नाही. जेवण गेलं नाही, ते वेगळं.

संध्याकाळ
बायको म्हणाली, पायपुसणी विकून माणूस कुठल्या कुठे पोचला, आणि तुम्ही इतकी वर्षं ब्रशच बनवताय. मी समजावलं की ब्रश हे एक प्रकारचं इंजिनीअरिंग आहे. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

५ फेब्रुवारी
पेपरात मोठी बातमी. आपला देश आणि साडूची पायपुसणी जातात तो श्रीमंत देश, यांच्यात व्यापार करार झाला. आपला हाताने बनवलेला माल तिकडे बिनकराचा, त्यांचा माल इकडे निम्म्या करात. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे कला. साडूकडे नुसतं नशीब.
संकल्प : एक्सपोर्ट करणे. पहाटे उठणे. साडूचा विचार न करणे.

६ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. साडूच्या विचाराने झोपच लागली नव्हती.

११ फेब्रुवारी
तिकडच्या कंपनीची खरेदी-मॅनेजर बाई साडूकडे येणार आहे. ही कंपनी पायपुसणी विकते आणि ब्रशही बनवते! बायकोने बहिणीकडे शब्द टाकला. लगेच साडूचा फोन. म्हणाला, साडूभाऊ, त्यात काय, तासभर तुमच्याकडेही आणतो की. इतक्या सहज हो म्हणाला, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ फेब्रुवारी
कारखान्यातला माल परकीय नजरेने पाहिला. दूध डेअरीसाठी बाटल्यांचे ब्रश करतो, ते ठीक. पण आमच्या ब्रशने बूट घासला तर बूट चमकत नाही, केसाळ होतो. तज्ज्ञांनाच कळेल असा बारीक दोष.

१४ फेब्रुवारी
मेन रोडवरच्या मोठ्या काचा लावलेल्या महागड्या दुकानातून बुटांचा एक इम्पोर्टेड ब्रश आणला, अभ्यासासाठी. किंमत ऐकून तिथल्याच स्टुलावर बसलो. दांडीवर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव होतं. ते पॉलिश पेपरने घासून काढलं. बाईला सॅम्पल म्हणून हाच दाखवायचा. फसवणूक नव्हे. पुढे आपण असाच बनवणार आहोत, आज फक्त आगाऊ दाखवतोय.

१९ फेब्रुवारी
बाई आली. साडू दुभाषा. तिने सॅम्पल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला. म्हणाली, हुबेहूब आमच्या ब्रशसारखा आहे. मी म्हटलं, दर्जा म्हटला की असंच व्हायचं. तिने भाव विचारला. तेवढ्यात साडू घड्याळाकडे बघताना दिसला. नवं घड्याळ. माझं डोकं फिरलं. दुकानाच्या चौथाई भाव सांगून बसलो. बाईने दोनदा विचारून खात्री केली. पाचशे नगांची ट्रायल ऑर्डर! पास झाली तर कायमचं काम. साडूने माझी पाठ थोपटली. जरा जास्तच जोरात. जळतोय बिचारा.
बायकोने आज मला आपणहून चहा दिला. ही ऑर्डर टिकली की कारखाना टिकला, आणि या घरात माझी मानही.

२६ फेब्रुवारी
आमच्या कारागिराने तसा ब्रश करून पाहिला. पहिल्याच घासणीत टक्कल पडलं.

२ मार्च
दुसरा प्रयत्न. केस टिकले, दांडी निघाली.

४ मार्च
शांत डोक्याने विचार केला. पहिल्या मालात तोटा सोसणे हे एक्सपोर्टचं शास्त्रच आहे. मेन रोडच्या त्याच दुकानातून पाचशे ब्रश घ्यायचे, नावं घासायची, पाठवायचे. बाजारात पाय रोवला की मग स्वतःचे बनवू. त्यांचा माल इकडे, तोच माल तिकडे. करारात दोन्ही देशांनी एकमेकांचा माल घ्यावा असंच म्हटलंय. तो अक्षरशः पाळणारा बहुधा मी एकटाच.

९ मार्च
दुकानदार आता मला शेठ म्हणतो. तो म्हणाला, इम्पोर्टर विचारत होता, एवढे ब्रश खातो कोण? मी गूढ हसलो.

१२ मार्च
डेअरीवाल्याचा फोन. बाटल्यांचे ब्रश कधी देताय? त्याला कळवलं की आम्ही सध्या आंतरराष्ट्रीय कामात आहोत. त्याने फोन आपटला. सगळे कामगार नावं घासताहेत. बायकोने विचारलं, एवढी कसली घासाघीस? मी म्हटलं, फिनिशिंग.

२० मार्च
माल गेला. फोटो काढला, नातेवाइकांना पाठवला. साडूने लगेच अंगठा दिला. मत्सर लपवायची धडपड, दुसरं काय.

१४ एप्रिल
डेअरीवाल्याने दुसरा ब्रशवाला धरला. जाऊ दे. मोठ्या उडीत बारीकसारीक गिऱ्हाइकं गळायचीच.

२ मे
बाईचं पत्र. केस उत्तम, लाकूड उत्तम, थेट आमच्या दर्जाचे. परंतु प्रत्येक दांडीवर एकाच जागी खरखरीत पट्टा आहे. असं फिनिशिंग आमच्या कंपनीत चालत नाही. माल नापास. तुमच्या खर्चाने परत पाठवत आहोत.
नाव होतं त्याच जागी.

४ मे
बायकोला सांगितलं, कस्टमचा घोळ आहे. तिने एवढंच विचारलं, कुठल्या देशाचा?

११ जून
पाचशे ब्रश परत आले. कारखान्याला सुट्टी दिली आहे. तशीही कामं नाहीत.

१५ जून, रविवार
साडूकडे जेवायला. नव्या गोडाउनची पार्टी. हात धुताना तो सगळ्यांना सांगू लागला. पायपुसणी उतरवून कंटेनर रिकामा परत यायचा, जिवाला लागायचं. करार होणार अशी कुणकुण लागताच त्याने परतीच्या फेरीत बाईच्याच कंपनीचे ब्रश भरून आणायला सुरुवात केली. इतके महाग ब्रश इथे कोण घेणार अशी धास्ती होती. पण मेन रोडच्या दुकानात कुणीतरी एक वेडा भेटला. सगळे उचलले! त्याच जिवावर हे गोडाउन.
सगळ्यांनी त्या वेड्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

१६ जून
बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. तिने बहिणीला फोन लावला. ते ब्रश परत घेता येतील का, एवढंच विचारलं.

१८ जून
साडू स्वतः आला. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. हसला नाही. म्हणाला, साडूभाऊ, नाव घासलेला माल दुकानात चालायचा नाही. पण तुमचं नुकसान बघवत नाही. टेम्पोत भरून घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला, मी नात्याने मोठा ना.
शनिवारी त्याचा कंटेनर सुटतोय. म्हणजे माझा माल पुन्हा परदेशी निघाला. दर पायपुसण्यामागे एक ब्रश, फुकट.