गल्लीतली तेरावी मोटार

॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर, ६ एप्रिल २०२५

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मामाला मध्येच तोडतेस आणि समाजशास्त्राचा तास घेतेस, म्हणून पत्र. कागद निदान शेवटपर्यंत बोलू देतो.

परवा नळाला आठव्या दिवशी पाणी आलं आणि पाठोपाठ पाणीचोरी धरणारं पथक. नळाला थेट मोटार लावून दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढणं हा गुन्हा आहे, हे आमच्या गल्लीतल्या बाराही घरमालकांना ठाऊक आहे. बाराही जण तो करतात. शेजारच्या काकासाहेबांनी पथकाला कोपऱ्यावर पाहिलं, घरमालकांच्या ग्रुपवर पाहुणे आल्याचं टाकलं आणि मोटारी अदृश्य झाल्या. आमची देवघरात, तुझ्या मामीच्या सोवळ्याखाली गेली. शोभलीही.

सापडला एकटा रामकिसन. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांतला भाडेकरू, मूळचा पाचोडचा, वाळूजला कारखान्यात कंत्राटावर जातो तो. मोटार जप्त, नळ बंद, गुन्हा दाखल. पथकाला शिकलेला पंच हवा होता. मी पंचनाम्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी नववीला अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, शिकवलं. घसा अजिबात कोरडा पडला नाही.

तर माणूस गुन्ह्याकडे का वळतो, याचा तुमच्या शास्त्रातला सिद्धान्त कळव. माझा पूर्वपक्ष असा, की संस्कार कमी पडतात. गंगापूरचं ऊन सांभाळ.

तुझा,
अभयमामा

गंगापूर, ११ एप्रिल

ती. स्व. अभयमामांस तनुजाचा शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग फार राग आला. मामीला दाखवू नका.

सिद्धान्त मागितलात, घ्या. पाणी सगळ्यांनाच हवं असतं. ते मिळवायचे सरळ मार्ग मात्र सगळ्यांना सारखे नसतात. आडमार्ग माणूस पोटातून शिकून येत नाही, आजूबाजूच्यांकडून शिकतो. आणि तेरा जणांनी एकच गोष्ट केली तरी ज्याच्यावर शिक्का बसतो, तोच पुढं चोर म्हणून जगतो. एवढं मी वर्गात फळ्यावर लिहिते.

फळ्यावर न लिहिलेलं आता विचारते. रामकिसनभाऊंची ती मोटार हिरव्या रंगाची होती ना? दिवाळीत मी आले होते तेव्हा तुम्ही नवी घेतलीत, जुनी त्यांना दिलीत आणि नळाला कशी जोडायची तेही उकिडवं बसून दाखवलंत. त्यांच्या बायकोनं, संध्यावहिनींनी, मला चहा दिला होता, विसरले नाही. मामा, तुम्ही स्वतःच्याच मोटारीचे पंच झालात. आणि ग्रुप तुमच्या हातात. भाडेकरू घेतले की चर्चेचा दर्जा घसरतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्यांना कळवणार कोण होतं?

कंत्राटदार दर वर्षी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. त्यांचा कधी लागणार आहे, तेवढं विचारून या. जास्त बोलले असेन तर भाची म्हणून पोटात घाला.

आपली,
तनुजा

छत्रपती संभाजीनगर, २६ एप्रिल

चि. तनुजास आशीर्वाद.

मोटार हिरवीच होती.

दाखला याच महिन्यात लागणार होता. मिळाला नाही, गेटपास बंद झाला. मी गेलो तेव्हा रामकिसन ओट्यावर बसला होता. भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, की सर, मला बी एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? नळाला मोटार जोडून देताना तर तुम्ही नंबर घेतला व्हता. तनुजा, बत्तीस वर्षं शिकवतोय. इतका सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

लेखी जबाब घेऊन ठाण्यात गेलो: मोटार माझी, जोडायला मी शिकवली, गल्लीत अशा आणखी बारा आहेत. सोबत पिशवीत माझी नवी मोटार. अंमलदार सभ्य होता. खुर्ची दिली आणि म्हणाला, तुमच्याविरुद्ध तक्रारच नाही तर मोटार ठेवू कुठं. पंचानं असं फिरू नये, सर. तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला जबाबाची पोच मिळाली. कंत्राटदारानं ती वाचून परत दिली. त्याला दाखला हवा, संस्कृतच्या मास्तरची कबुली नको.

त्याच जबाबावर गल्लीत सह्या मागितल्या. एकही नाही. काकासाहेब म्हणाले, आपल्या गल्लीत एकच चोर होता, तुम्ही तेरा केले. त्या संध्याकाळी त्यांनी नवा ग्रुप काढला. त्यात मी नाही.

मोटार परत आणली, जोडली नाही. आज पाणी आलं. दोन्ही बाजूंच्या मोटारी घरघरत होत्या आणि आमचा नळ नुसता सुस्कारे टाकत होता. मामी माझ्याकडं बघत होती. ते बघणं पत्रात लिहिता येत नाही.

एवढ्यात संध्या आली. शाळेच्या बोअरवरून दोन हंडे डोक्यावर. एक आमच्या पायरीवर ठेवला. म्हणाली, सर, तुमचं बी नाव आता आमच्यासंगं लागलं, मग पाण्याचं बघाया नको व्हय? आणि दुसरा घेऊन निघून गेली. नवऱ्याचं काम अजून बंदच आहे.

या वर्तनाची कारणमीमांसा तुझ्या शास्त्रात असेल तर कळव. माझ्या शास्त्रात शोधली, सापडली नाही. एखाद्या वकिलाचा पत्ताही धाड. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस. इथं आधीच टंचाई आहे.

तुझा,
अभयमामा