पाण्याचा नको, हवेचाच

ती. विष्णूमामा,

कर्जतहून देवव्रतचा नमस्कार. (आईच्या नमस्कारात तो धरू नये, वेगळा घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे, आणि मामींचा खोकला? माथेरानला गाड्या नाहीत हे बरंच, पण त्या चढाने तुमच्या गुडघ्याचं काय होतं ते तुम्हालाच ठाऊक. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही 'आईला दे' म्हणता. म्हणून हे पत्र. तुमचा घोडेवाला जैतूदादा आज बाजाराला खाली आलाय, त्याच्या हाती देतो.

मंगळवारी दुपारी तेजश्रीचा कम्प्युटर शेलूच्या पोहण्याच्या तलावाशी येऊन बंद पडला, आणि त्या घडीपासून माझं आयुष्य पहिल्यासारखं राहिलेलं नाही. तेजश्री म्हणजे दहिवलीच्या सरांची मुलगी. (सर म्हणजे तुमचे कॅरमवाले. मागच्या दिवाळीत राणीवरून तुम्ही त्यांच्याशी भांडलात, तेच.) ती बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रफीत करते. गेट उघडतं, नारळ हलतात, आपण लिफ्टने वर जातो, गच्चीवरून डोंगर दिसतो. शेलूच्या इमारतीत तलाव आहे, आणि पाण्यावरचं ऊन दाखवायची वेळ आली की तिच्या प्रोसेसरचा ताप शंभरावर जाऊन मशीन आपोआप बंद होत होतं. फीत शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. नाही दिली तर काम दुसऱ्याकडे, आणि पुढच्या दोन इमारतीही त्याच्याकडेच. तिने मला फोन केला. मामा, अख्ख्या कर्जतमधून मला!

मी गेलो तर तिथे अनुपम बसलेला. हा खोपोलीच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि सरांचा जुना विद्यार्थी आहे, एवढ्या दोन कारणांवर तो त्यांच्याकडे पोहे खातो. त्याने आधीच निकाल दिला होता की प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याचा कूलर लावा. मी म्हटलं, कारखान्यात बॉयलर बघून बघून याला सगळीकडे नळ दिसतात. पाण्याच्या कूलरचा पंप गेला की सगळंच गेलं. हवेच्या कूलरचा फार तर पंखा जाईल, तो दुसरा बसवता येतो, आणि खालचा धातूचा डोंगर तसाच उभा राहतो. हे मी जरा मोठ्याने म्हटलं असेन. (सर आतून म्हणाले, "देवव्रता, शेजारी शिकवणी चालू आहे रे.")

आता कूलर निवडण्यात माझी एकही चूक नव्हती, हे तुम्ही नीट ध्यानात घ्या. प्रोसेसर भरात असताना किती उष्णता टाकतो ते पाहिलं आणि त्याहून बरीच जास्त पेलणारा कूलर धरला. प्रोसेसरच्या डब्यातून फुकट आलेला पंखा म्हणजे वरातीच्या जेवणाला एक शेगडी, तो आधी काढला. कम्प्युटरच्या पेटीची आतली रुंदी आईच्या शिवणाच्या टेपने मोजली, कारण उंच कूलर घेतला की पेटीचं झाकण लागत नाही. मेमरीच्या पट्ट्यांवर पंखा टेकणार नाही हेही पाहिलं. पंखा मोठा घेतला, म्हणजे सावकाश फिरून जास्त वारा देतो आणि शिकवणीला आवाज जात नाही. तांब्याच्या सहा नळ्या, खाली प्रोसेसरवर टेकणारा तांब्याचाच तळ, आरशासारखा. अनुपमला यातलं एक तरी सुचलं होतं का?

कूलर गुरुवारी आमच्या घरी आला, आणि आपल्या घरात नवी वस्तू देवापुढे गेल्याशिवाय वापरत नाहीत हे तुम्हाला काय सांगायचं. (तुमच्या बहिणीने इस्त्रीलासुद्धा नारळ फोडलाय.) मी जेवत होतो. आईने बघितलं, तांबं कुठे चकचकतंय, देवघरातल्या ताम्हणासारखं, आणि बरोबर त्या तळावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वर म्हणाली, "त्या मुलीच्या नावाने हात जोडलेत. पुसायचं नाही हं." मी देवाचं फारसं मानत नाही, पण त्या मुलीच्या नावाने म्हटल्यावर कोण पुसेल? तळावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा होता, त्यावर 'बसवण्यापूर्वी काढा' असं लाल अक्षरांत छापलेलं होतं. लालावर लाल बसलं. मला दिसलं ते फक्त स्वस्तिक.

शुक्रवारी तेजश्रीकडे जाऊन मी त्यावर उष्णता ओढून घेणारी पेस्ट नीट लावून कूलर बसवला, चार स्क्रू आवळले, मशीन चालू केलं. नारळ हलले. गेट उघडलं. तलाव येण्याआधीच, लिफ्टमध्ये, ताप शंभर! बंद. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी स्क्रू काढले, कूलर उचलला, आणि अनुपम वाकून बघत म्हणाला, "अरे, याचं लग्न लावलंस का काय?" प्रोसेसरच्या कपाळावर कुंकू, मामा. आईने 'पुसायचं नाही' म्हटलंय असं मी सांगितलं, तर तेजश्री इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग तिने नखाने पापुद्र्याचं टोक उचलून दाखवलं. सर शिकवणी सोडून बाहेर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडलंस. इथेही वरचं एक सालपट तेवढं राहिलं." अनुपम हसला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण तेजश्रीच हसायची थांबली. मी मूठ आवळून म्हटलं, लावा तुमचा पाण्याचा कूलर, आणि बाहेर पडून दार असं आपटलं की वरची पाटी वाकडी झाली. त्या पायरीवर मी पुन्हा पाय ठेवणार नाही. हा माझा शेवटचा शब्द आहे.

तुमचा,
देवव्रत

ता. क. आईला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतं स्वस्तिकामुळे मशीन धावतंय.

ता. क. दुसरा : पत्राचं खरं कारण असं की उद्या रविवारी खाली उतरा. सरांकडे कॅरम खेळायला जा, राणी त्यांना घेऊ द्या, आणि ओघात सांगा की पोरगा तापट आहे पण कूलर त्याने योग्यच निवडला होता. पुढचं तुम्हाला कळतंच. जूनमध्ये मी कॉलेजचा अर्ज पुन्हा भरतोय असंही सांगा. (भरतोय. तुम्ही सांगितल्यावर भरावाच लागेल.)

ता. क. तिसरा : आत्ताच तेजश्रीचा फोन आला. तिने पापुद्रा काढला, नवी पेस्ट लावली, कूलर तोच बसवला, हवेचाच. तलाव पार झाला, ताप सत्तरच्या वर जात नाही. पापुद्रा टाकला नाही म्हणाली, पेटीच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलाय. "आईंना सांग, पुसलेलं नाही." पण स्क्रू तीनच सापडताहेत, कूलर एका बाजूने थरथरतो, आणि अजून गच्ची राहिलीय. चौथा कुठाय? तर मामा, काल जी मूठ आवळली होती ना, तिच्यातच तो आला. तिने विचारलं, "तू आणतोस, का अनुपमला दुसरा शोधायला सांगू?"

पायरीबद्दलचं वर लिहिलेलं वाक्य तुम्हीच खोडा, मला वेळ नाही. जैतूदादाला वाटेत गाठून पत्र देतो. स्क्रू खिशात आहे, चप्पल घातली. दार हळूच लावतो, आई झोपलीय.