तो जेवत नाही म्हणून

पप्पा, माझा मुलगा गेला. तुम्ही त्याला पाहिलंच नाही, तुमच्यानंतर कितीतरी वर्षांनी तो झाला. बिडकीनकडे नव्या कंपन्या उभ्या राहतायत, तिथं त्याला नोकरी लागली होती. संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना पाण्याच्या टँकरनं त्याला उडवलं. यंदा पुन्हा पाऊस नाही, टँकरवाले झोप न घेता फेऱ्या मारतात, आणि त्या ड्रायव्हरचा स्टेअरिंगवरच डोळा लागला. तोही माझ्या मुलाच्याच वयाचा. मी अजून बजाजनगरातच राहते. आपल्या पत्र्याच्या खोल्या होत्या तिथं आता इमारत झालीय. रविवारी चर्चला जाते, सगळ्यांबरोबर उभी राहते, आणि प्रार्थनेत 'जशी आम्ही इतरांना क्षमा केली' ही ओळ आली की माझे ओठ मिटतात. शेजारच्या बायकांना वाटतं, मी रडतेय. मी रडत नसते.

मागच्या आठवड्यात त्या ड्रायव्हरची आई दारात आली. बिडकीनच्या पुढच्या एका खेड्यातली, डोक्यावर पदर, पाय धुळीनं पांढरे झालेले. मी आत ये म्हटलं नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "बाई, माफी मागाया नाय आले. तेवढं तोंड नाय मला. पोरगं जामिनावर सुटून आलं, तवापासून जेवत नाय. भिंतीकडं तोंड करून पडतंय. तुमी एकदा या, त्याला शिव्या घाला, मारा पायजे तर. म्हंजी जेवंल तरी." मी दार लावून घेतलं. ती बराच वेळ तिथंच होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मग उतरून गेली.

तेव्हापासून तुम्हीच डोक्यात आहात, आणि खरं सांगू, मला तुमचा राग येतोय. तुम्ही वाळूजला कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर होता. त्या दिवशी डायमध्ये अडकलेला पत्रा काढायला तुम्ही हात घातलात आणि तुमच्या जोडीदारानं न बघता पेडल दाबलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही पहिल्यांदा कुठं गेलात, तर मॅनेजरकडे. त्या माणसाला काढू नका, चूक त्याची आहे पण तो वाईट नाही, असं सांगायला. खोटं बोलला नाहीत, चूक त्याची नाही असं म्हणाला नाहीत. त्याची नोकरी राहिली, तुम्हाला मात्र वॉचमन म्हणून गेटवर बसवलं. आणि तो माणूस तुमचा हात रोज गेटवर बघून बघून दारू प्यायला लागला.

ते वर्षही कोरडंच होतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. तुम्ही सायकलला कॅन बांधून, डाव्या हातानं हँडल सांभाळत त्याच्या घरी निघालाय, हे मला आत्ता दिसतंय. त्याची बायको बाळंतीण, पाण्याच्या रांगेत उभं राहायला घरात कुणी नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "तुमचा हात खाल्ला त्यानं, आन् तुमी त्याच्या घरी पाणी भरता!" तुम्ही सायकल ढकलत गल्लीबाहेर पडता. पाणी देऊन तुम्ही त्याच्याजवळ बसायचात. तो शुद्धीत असला तर बोलायचात, नसला तर नुसते बसायचात. त्याला कधी चर्चला ये म्हणालात का? मला तरी आठवत नाही. एकदा मी चिडून विचारलं होतं, "पप्पा, उपयोग काय याचा? तो तर पितोच आहे." तुम्ही भाकरीचा तुकडा डाव्या हातानं मोडायला धडपडत होता. म्हणालात, "उपयोग बघून प्रभूनं माझ्यावर प्रेम केलं असतं, तर मी कुठं बसलो असतो गं? मला मिळालंय ते मी आतच कसं दाबून ठेवू?" तुमचं बोलणं मला तेव्हा कळलं नाही, पण ते खरं आहे हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि तरीही तो मेला. लिव्हर गेलं. मसणवट्यातून येऊन तुम्ही ओट्यापाशी उकिडवे बसलात आणि आईला म्हणालात, "मला वाटलं होतं, उठंल तो." तुम्हाला तसं रडताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोसाठी तुम्ही पुन्हा कॅन बांधला. माझ्या आईनंच तो सायकलवर चढवून दिला.

मी काल त्या ड्रायव्हरच्या घरी गेले, पप्पा. रिक्षा बदलत बदलत. एक खोली, पुढं पत्र्याची सावली. मला बघून ती म्हातारी उठून उभी राहिली. पोरगा बाजेवर होता. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. मला वाटलं होतं, बघताक्षणी तोंडातून काहीतरी निघेल, शिवी तरी, नाहीतर तुमच्यासारखं काहीतरी. काहीच आलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि मला ओळखलं. कोर्टात पाहिलं होतं. "मावशी, मला झोप लागली वो," एवढंच म्हणाला, परत परत. मी म्हटलं, "ऊठ. जेव." माझा आवाज कडक होता, शाळेत शिकवताना पोरांना दटावते तसा. म्हातारीनं धावत ताट आणलं. तो खाली मान घालून जेवायला लागला, डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं.

त्यांना वाटलं असेल, ही बाई देवमाणूस आहे. तुमच्या आत जे होतं ते माझ्यात कुठून येईल, याची मी सगळा वेळ वाट बघत बसले होते. आलं नाही. हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही ते बरंच आहे. चर्चमध्येही मी हे कुणाला सांगणार नाही. तो जेवत होता तेव्हा मला बरं वाटलं नाही, पप्पा. त्याच्या हातातला घास हिसकावून घ्यावासा वाटला. तरी तो हात धुऊन येईपर्यंत मी उठले नाही.