चौथ्या क्लिपला आवाज नाही

१३ जानेवारी

आवाजच नाही!

चौथी क्लिप. अठरा मिनिटांची. साळुबाई बोलतायत, मध्येच थांबतायत, पदराने डोळे पुसतायत — आणि आवाज शून्य. हेडफोन बदलले. लॅबमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. आधीच्या तिन्ही क्लिपांना आवाज खणखणीत. नेमकी हीच मुकी.

आता लिहवत नाही. कुणाचा तरी गळा धरावासा वाटतोय.

१४ जानेवारी, मढ

संक्रांतीला घरी आले. आई म्हणाली, सणाचं तोंड कसलं केलंयस. सांगून तिला काय कळणार होतं?

क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे उद्या झीशानशी भांडताना काही विसरायला नको.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने दहा मिनिटांची फिल्म करायची आहे; पहिला नंबर येईल ती पुण्याच्या स्पर्धेत जाते. मी विषय घेतला साळुबाईंचा. ओतूरच्या अलीकडे वस्तीवर राहतात. सहा वर्षांपूर्वी उसाच्या कडेला बिबट्याने त्यांच्या जावेची पोरगी धरली — वृषाली, तेव्हा चार वर्षांची. साळुबाईंनी कोयत्याने बिबट्याला हाणलं आणि पोरगी सोडवली. पेपरात फोटो आला, हातात रक्ताचा कोयता. तेव्हापासून त्या ‘वाघीण’. दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याजवळ त्यांची खुर्ची असते, शाल असते, नारळ असतो. रामनाथ सरांना विषय एकदम आवडला. म्हणाले, ढोलताशा लाव पाठीमागे.

रविवारी शूटिंग केलं. माणसं दोनच. मी दिग्दर्शक, आणि कॅमेरा-माईक झीशानकडे. त्याच्या वडिलांचं, हनीफचाचांचं, जुन्नरला लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे, त्यामुळे सामान त्याचंच. जाऊबाई बाजाराला गेल्या होत्या. घरात साळुबाई एकट्या.

तासभर सगळं तेच ते. पेपरात आलेलंच, पाठ केल्यासारखं. मला कंटाळा यायला लागला होता, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं, कोयता उगारला तेव्हा मनात काय आलं? त्यांची पदराशी चुळबुळ झाली. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“मी न्हाई मारला.”

अंगावर काटा आला माझ्या.

त्या बांधावर होत्या. बिबट्या दिसला आणि पाय जागीच रुतले. ओरडायलाही आवाज फुटला नाही. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई धावली. तिने तीन घाव घातले. तिचा दंड फाटला. पोरगी सुटली. मुकादमाला पोलिसांची, फॉरेस्टवाल्यांची कटकट नको होती. त्याने त्या बाईला ट्रॅक्टरवर घातलं आणि टोळीच हलवली. साळुबाईंनी पडलेला कोयता उचलला, तेवढ्यात माणसं आली, फोटोवाला आला. आधी त्यांना बोलताच येईना. बोलता यायला लागलं तोवर गावाने ठरवून टाकलं होतं.

“तिचं नावबी इचारलं न्हाई मी,” म्हणाल्या.

सहा वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट. मला सांगितली! मला, पहिलीच फिल्म करणाऱ्या पोरीला! एस.टी.त बसले तेव्हा डोळ्यांपुढे पुणं दिसत होतं, स्टेज दिसत होतं. हो, दिसत होतं. इथे कुणापुढे लाजायचंय?

आणि त्या गाढवाने माईक चालू ठेवला नाही.

बाहेरचा माईक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक बंद असतो. म्हणजे वाचवायला दुसरा आवाजसुद्धा नाही.

तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणे.

१५ जानेवारी

भांडले. कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर.

मला वाटलं होतं, बॅटरी गेली असं काहीतरी म्हणेल. तर सरळ म्हणाला, “माईक मीच बंद केला.”

मी विचारलं, झोपेत का? तो म्हणाला, ऐकून घेशील का. नाही घेतलं. कशाला घ्यायचं? हेडफोन कुणाच्या कानात होते? माझं काम प्रश्न विचारायचं, त्याचं काम एक बटण सांभाळायचं. एक! मी म्हटलं, वरातीत नाचणारी माणसं शूट करणाऱ्याला सिनेमा काय कळणार.

हे बोलायला नको होतं. हनीफचाचांनी आठवडाभर कॅमेरा दिला, वर बॅग माझ्या खांद्याला लावताना म्हणाले होते, बेटा, पट्टा आखूड कर, पाठ दुखेल.

पण बोलले.

झीशानने चहा तसाच ठेवला. म्हणाला, “कार्ड तुझ्याकडंच आहे. नीट बघ.” आणि गेला.

नीट बघ म्हणे! मी काय आंधळी आहे?

१७ जानेवारी

आज पुन्हा अकरा वेळा पाहिली. ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न केला. ‘मी न्हाई मारला’ ओळखू येतं. बाकी ओठ पदराआड जातात. आतापर्यंत चाळीस वेळा तरी पाहिली असेल. दर वेळी नव्याने संताप येतो.

झीशान वर्गात शेवटच्या बाकावर बसतो आता. बसू दे.

१९ जानेवारी

एकटीच गेले ओतूरला. मोबाईलवर घेऊ म्हटलं. निदान आवाज तरी येईल.

साळुबाईंनी चहा केला. ओसरीत जाऊबाई लसूण सोलत होत्या, वृषाली शेजारी गृहपाठ करत होती. मी मोबाईल लावला आणि म्हटलं, मावशी, त्या दिवशीचं परत एकदा सांगा. तर त्यांनी बांधापासून सुरुवात केली — कोयता घेतला, धावले, पहिला घाव, दुसरा घाव. तेच पेपरातलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही!

मी दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा तोंडातून निघून गेलं, “हे नाही मावशी. त्या बाईचं सांगा. कोयता जिचा होता ती.”

जाऊबाईंचा हात थांबला. “कंची बाई?” त्यांनी विचारलं.

वृषाली वहीवरून मान वर करून आम्हा तिघींकडे बघत राहिली. साळुबाई उठल्या, माझी बशी उचलली आणि म्हणाल्या, “ये आता पोरी. यष्टी निघंल तुजी.”

एस.टी. दीड तासाने होती.

थांब्यावर बसून रागाने रडले. त्यांनीच सांगितलं होतं ना? मी का ओढून काढलं? मग आता कसलं लपवायचं? आणि खरं बोललं की माणसं बाहेर काढतात, वा!

२२ जानेवारी

रामनाथ सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते तरी म्हणतील, शाब्बास, केवढं मोठं काढलंस. ते म्हणाले, “तुला सिनेमा करायचाय का चौकशी?” वाघीणच कर. एक फेब्रुवारीला फिल्म जमा करायची. सव्वीस तारखेला तिथल्या शाळेत जा, सत्काराचं शूटिंग घे, ढोल लाव, दहा मिनिटं भर.

त्यांच्यासमोर मान हलवली. बाहेर येऊन जिन्याला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

२६ जानेवारी

गेले. मोबाईल घेऊन झेंड्यासमोर उभी राहिले. खुर्ची होती, शाल होती, नारळ होता. साळुबाई नव्हत्या. सरपंचांनी माईकवर सांगितलं, त्यांची तब्येत बरी नाही.

परतताना फाटकाशी जाऊबाई भेटल्या. मीच थांबले. त्यांनी सांगितलं — मी येऊन गेले त्याच संध्याकाळी साळुबाईंनी घरातल्या सगळ्यांना बसवून सगळं सांगितलं. वृषालीसुद्धा होती. दुसऱ्या दिवशी उठून त्या माहेरी गेल्या, घाटघरला. फोन उचलत नाहीत.

मला वाटलं, या आता साळुबाईंना शिव्या घालतील. सहा वर्षं फसवलं म्हणतील. त्यांनी माझ्याकडेच बघितलं.

“तिनं मला सांगितलं आसतं,” म्हणाल्या. “कवातरी, तिच्या येळंला. माझ्या पोरीला तिनंच वाढवलंय. तू कोण मंदी?”

मी वळून चालायला लागले. पण रस्ताभर मनात उत्तरं देत आले. सहा वर्षांत आली का ती वेळ? एका बाईचा दंड फाटला, तिला ना शाल ना नारळ ना नाव. तिच्या बाजूने कुणी बोलायचं? मी बोलले तर मी वाईट! सगळ्यांना ढोलच हवेत. सरांना, सरपंचांना, सगळ्यांना.

२८ जानेवारी

ठरलं. ढोल-बिल काही नाही. मुक्या क्लिपमधली नऊ-दहा मिनिटं तशीच मुकी लावणार आणि खाली साळुबाईंचे शब्द अक्षरांत देणार. मला आठवतात ना सगळे. परवानगी कसली विचारायची? कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या, माईक लावून घेतला होता, कुणी जबरदस्ती केली नव्हती. आवाज नाही तर नाही. झीशानच्या चुकीवरही मात, आणि रामनाथ सरांच्या तोंडावर उत्तर.

झीशानला विचारलं नाही. नाव टाकीन शेवटी, बारीक अक्षरात.

२९ जानेवारी

दिवसभर अक्षरं बसवली. ‘मी न्हाई मारला.’ ‘पाय रुतलं.’ ‘तिचं नावबी इचारलं न्हाई.’ काय दिसतंय! वर तो चेहरा, आणि खाली पांढरी अक्षरं. लॅबमधल्या दोन पोरी मागे उभ्या राहिल्या, त्यातली एक रडली. पहिला नंबर कुठे जात नाही.

फक्त सुरुवात अर्धवट वाटते. साळुबाई एकदम बोलायलाच लागतात. माझा प्रश्न आधी हवा, आवाजासकट. तो तिसऱ्या क्लिपच्या शेवटी असणार. वीस मिनिटं झाली की हा कॅमेरा आपोआप पुढची क्लिप सुरू करतो. तिसरी मी शेवटपर्यंत कधी पाहिलीच नव्हती, तिच्यात सगळं पेपरातलंच होतं. उद्या तेवढा प्रश्न काढून जोडला की झालं.

३० जानेवारी

जोडायचं राहिलं.

तिसरी क्लिप. शेवटची पंचवीस सेकंदं. माझा प्रश्न येतो. मग पदराखालचा माईक साळुबाई एका हाताने झाकतात, आणि दुसरा हात कॅमेऱ्यामागे झीशानकडे धरून हलवतात. हळू. नको, नको. बंद कर.

आणि माझा आवाज, खणखणीत —

“मावशी, हात खाली घ्या. फ्रेममध्ये येतोय.”

त्या हात खाली घेतात. त्याच्यापुढे आवाज नाही.